श्रावणातलं रक्त

रंजना मेहेर यांचा विश्वास रिकामेपणावर होता. देवावर होता की नाही, ते मला कधी कळलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी "कुठल्या बॅचचा?" असं उलट विचारलं असतं. पण कुठलाही नमुना तपासण्याआधी मशीनमधून निव्वळ द्रावण, ज्यात काहीही नाही असं, एकदा फिरवून घ्यायचं आणि पडद्यावर सपाट रेघ आली की मगच खरा नमुना लावायचा, हा नियम त्यांनी आधी तारापूरच्या औषधाच्या कारखान्यात आणि पुढे बोईसरच्या हॉस्पिटलात एकदाही मोडल्याचं मी पाहिलं नाही. या रिकाम्या फेरीला प्रयोगशाळेत 'ब्लँक' म्हणतात. मेहेरबाई 'कोरं' म्हणत. "आधी कोरं बघायचं, मग भरलेलं. नायतर कुणाचं काय ते कळणार कसं?"

हा नियम त्या माणसांनाही लावत. कारखान्यात एकदा नवे मॅनेजर आले. बैठकीत कुणीही काहीही बोललं की ते गंभीरपणे मान हलवत, आणि आम्ही सगळे त्यांच्या विचारांच्या खोलीवर खूश होतो. मी मेहेरबाईंना त्यांचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून कोरा चाललाय. थांबा जरा." आम्ही थांबलो. पुढे ते मॅनेजर बदलून गेले, तरी रेघ सपाटच होती.

मी तेव्हा कारखान्याच्या कागदपत्रं विभागात होतो. जे झालं ते नियमाप्रमाणे झालं असं लिहून ठेवणं हे माझं काम. मेहेरबाई उपकरणांच्या खोलीच्या प्रमुख. बुटक्या, भरल्या अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पावडर नाही, अत्तर नाही, हाताला क्रीम नाही. त्यांच्या खोलीत येणाऱ्या कुणालाही ती चैन परवडत नसे. दारातच त्या नाकाने तपासणी करत. "दाढी करून काय लावलंत? बाहेर उभे राहा, वाळा, मग या."

त्या मूळच्या सातपाटीच्या, बंदरालगतच्या घरातल्या. कंपनीची बस त्या बाजूने वळली की पालघरची काही मंडळी रुमाल नाकाशी नेत. मेहेरबाई खिडकी अजून थोडी उघडून मोठा श्वास घेत आणि जाहीर करत, "आज करंदी वाळत घातलीय. आणि कुणाचे तरी बोंबील नीट सुकले नाहीत, बघा." रुमालवाल्यांना हे कळून काय करायचं ते सुचत नसे. त्या नाकाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो आहे.

कारखान्यात परदेशातून मास स्पेक्ट्रोमीटर आलं तेव्हा संचालकसाहेब खास मुंबईहून आले. नाव भारदस्त असलं तरी त्या मशीनचं काम सरळ आहे. पदार्थातले रेणू त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करायचे आणि प्रत्येकाचं एक टोक पडद्यावर उमटवायचं. उद्घाटनाला हार, नारळ, हळदकुंकू आणि चंदनाच्या अगरबत्तीचा अख्खा पुडा होता.

"साहेब, धूर नको," मेहेरबाई म्हणाल्या.

"बाई, श्रद्धेचा भाग आहे."

"हो, पण मशीनला तो दिसेल."

साहेब हसले. पुढे कित्येक दिवस कोऱ्या फेरीत एक टोक नेमाने उगवत राहिलं. मेहेरबाईंनी त्या रेघेचा कागद भिंतीवर लावला, टोकाकडे बाण काढला आणि खाली लिहिलं, 'साहेबांची श्रद्धा'. परदेशातून आलेल्या तपासनिसाने त्या कागदापुढे थांबून ही अशुद्धी कसली, असं विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "भक्ती. हळूहळू जाते."

कारखाना मंदावला तेव्हा आम्ही दोघंही बोईसरच्या एका हॉस्पिटलात आलो. तिथे मधुमेह आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करण्याचा विभाग निघाला होता. पोट लहान करायचं आणि आतडं वेगळ्या ठिकाणी जोडायचं, अशी ती शस्त्रक्रिया. वजन तर उतरतंच, पण बऱ्याच जणांची साखर वजन उतरण्याआधीच ताब्यात येते. मात्र सगळ्यांची नाही. काहींना सावरायला फार वेळ लागतो, काहींची साखर पुन्हा डोकं वर काढते. कोण चांगला बरा होईल आणि कोण नाही हे आधीच सांगता आलं तर, यासाठी मेहेरबाईंना आणलं होतं. अन्न पचवताना, जाळताना, साठवताना शरीर रक्तात असंख्य बारीक द्रव्यं सोडत असतं. खरकट्यावरून घरात काय शिजलं ते ओळखावं, तसा या द्रव्यांवरून शरीराचा कारभार ओळखायचा. शस्त्रक्रियेआधी उपाशी पोटी रक्त घ्यायचं, ते मशीनला लावायचं, आणि संगणक त्यातल्या निवडक द्रव्यांची बेरीज-वजाबाकी करून रंग सांगणार. हिरवा म्हणजे बरा होईल. पिवळा म्हणजे डॉक्टरांनी ठरवावं. लाल म्हणजे थांबा.

विभागाच्या मुख्य सर्जनांना सगळे 'सर' म्हणत. ते स्वतःलाही मनातल्या मनात सरच म्हणत असावेत. उद्घाटनाच्या फलकावर 'तुमचं रक्त सांगेल तुमचा उद्या' असं लिहिलेलं होतं. सर माइकवर म्हणाले, "आता रुग्णाचं भविष्य आमच्या हातात आहे."

मेहेरबाई पहिल्या रांगेतून, माइकशिवाय, म्हणाल्या, "अंदाज हाय, सर. पावसाचा असतो तसा."

"मॅडम, पावसाचा अंदाज चुकतो."

"तेच म्हणते मी."

लोक हसले, सरही हसले, आणि पाहुण्यांना शाल देण्यात आली.

मशीनला आधी निरोगी माणसाची रेघ दाखवावी लागते, म्हणजे बिघडलेली कोणती ते त्याला कळतं. हे काम उद्घाटनाआधीचं, आणि पाहुण्यांची तारीख ठरलेली असल्यामुळे सरांना घाई होती, आणि घाईत निरोगी माणसं म्हणजे आम्हीच, हॉस्पिटलचे कर्मचारी. नर्सबाई, कारकून, वॉर्डबॉय, मी, खुद्द मेहेरबाई, सगळे सकाळी उपाशी पोटी ओळीत उभे राहिलो. श्रावण चालू होता. कँटीनमध्ये मांसमच्छी बंद होती, आणि एरवी बोंबलाशिवाय न जेवणारी मंडळी भगर आणि साबुदाण्यावर धार्मिक चेहऱ्याने दिवस काढत होती. मेहेरबाईही श्रावण पाळत. श्रद्धा म्हणून नाही, आईला शब्द दिला होता म्हणून. आमच्या सगळ्यांच्या रक्ताची रेघ इतकी स्वच्छ आली की बाई खूश झाल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कोरं असावं तर असं."

पुढे त्यांना हे वाक्य किती वेळा ऐकू आलं असेल, त्याचा मला अंदाजही करवत नाही.

त्यांचा थोरला भाऊ हरेश्वर, सगळ्यांचा हरूदादा, सातपाटीच्या एका बोटीवर तांडेल होता. बोट कुठे न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा माणूस. उंच, अवाढव्य, आवाज वाऱ्यापलीकडे पोचेल असा. साखर बरीच वर्षं होती. इन्शुलिन वाढत गेलं, वजन वाढत गेलं, पाय बधिर होत गेले. बोटीवर चढायला दोघांनी हात द्यावा लागायला लागला, तेव्हा मालकाने नरमाईने सांगितलं, दादा, आता किनाऱ्यावर बसून जाळी बघा. दादाला जाळी बघायची नव्हती. त्याला दर्यावर जायचं होतं. बहिणीच्या हॉस्पिटलात पोट कापून साखर घालवतात हे कळल्यावर तो एक दिवस येऊन उभा राहिला.

"कापा. पायजे तेवढा कापा. पण बोटीवर चढवा मला."

रक्त देण्याच्या दिवशी मेहेरबाईंनी स्वतः सुई घेतली. त्या दोघांत बोलताना त्यांची भाषा पार सातपाटीची होई.

"पोट रिकामा हाय ना, दादा?"

"काल सांजच्यानं पाण्याबिगर काय नाय. सकाळी तुझी वयनी चाय घेऊन दारात उभी. मी बोललो, नको गो, रंजी मारेल."

"बस मंग गप."

"किती घेशील?"

"तुझ्यातना दिसण्याइतका कमी व्हनार नाय."

तो एवढ्या जोराने हसला की बाहेर बसलेली एक म्हातारी दचकून उठली.

रंग लाल आला.

मेहेरबाईंनी कोरी फेरी पुन्हा केली, नमुना पुन्हा लावला. पुन्हा लाल. मग त्या खुर्चीत बसल्या, बाह्या खाली केल्या. बाह्या खाली केलेल्या मी त्यांना प्रथमच पाहत होतो. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाकडून बघून घेऊ या का. "मशीन तेच, रक्त तेच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचे डोळे घालून काय बदलणार?" भावाचा रिपोर्ट त्यांनी इतर रिपोर्टांसारखाच सरांच्या बैठकीत पाठवला, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. सरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आधी औषधं वाढवू, मग बघू. लाल रंगाच्या लोकांना थांबवलं की उरलेले बहुतेक बरे होतात, आणि मग फलकावर यश फार छान दिसतं. हे गणित कळायला मशीन लागत नाही.

व्हरांड्यात दादाने बहिणीला एकच विचारलं. "मशीन बोलला का तू बोललीस?"

"मशीन."

"मंग ठीक हाय. मशीनला काय म्हायती हरू कोण ता. तू बोलली असतीस तर वाईट वाटला असता."

तो दर्यावर गेलाच. तांडेल म्हणून नाही, जास्तीचा माणूस म्हणून, मालकाच्या हातापाया पडून. जाळ्यातून शिंगाळे काढताना एकाचा काटा त्याच्या पायात घुसला. बधिर पायाला कळलं नाही. कळलं तेव्हा बोट परत फिरवायला लागू नये म्हणून तो बोलला नाही. किनाऱ्याला आले तोवर पाय काळा पडला होता. पालघरला पाय काढला, पण विष वर चढलेलं होतं.

तेराव्यानंतर मेहेरबाई कामावर आल्या. कुणी सांत्वनाला गेलं तर "हो, हो" म्हणून मशीनकडे वळत. त्याच दिवशी मशीनची दुरुस्ती झाली होती आणि इंजिनिअरला चाचणीसाठी ताजं रक्त हवं होतं. तो स्वतः नेमका खाऊन आला होता. मेहेरबाईंनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. "इकडे या. हे बघा." पडद्यावर एक टोक बाकीच्या सगळ्यांच्या वर उंच उभं होतं, धोक्याच्या रेघेच्या पार पलीकडे. दादाच्या रिपोर्टात पाहिलेलं ते टोक मला आठवत होतं. मी म्हणालो, "दादाचं परत कशाला काढलंत?"

"दादाचं नाय. माझं."

मग त्यांनी त्याच्या खाली दुसरी रेघ आणली. तिथे ते टोक जवळजवळ नव्हतंच. "हेपण माझंच. गेल्या श्रावणातलं."

मी दोन्ही रेघांकडे बघत राहिलो. एकच बाई. एका रेघेत निरोगी, दुसरीत लाल.

"आमच्यात तेरावं झालं की मावरं, म्हणजे मासळी, शिजवून सुतक मोडतात," त्या म्हणाल्या. "काल वयनीने मुशी केली होती. दादाला आवडायची म्हणून. मी जेवले."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, एखाद्या नव्या मुलाला सांगावं तसं सावकाश. त्या टोकाचं द्रव्य समुद्राच्या मासळीच्या अंगात मुळातच असतं. खाऱ्या पाण्यात मासा त्याच्या बळावर टिकतो. मुशीत, म्हणजे लहान शार्कमध्ये, तर ते भरपूर. रात्री मासळी खाल्लेला माणूस सकाळी उपाशी असला तरी ते त्याच्या रक्तात हजर असतं, एका रात्रीत पुरतं जात नाही. ज्या पुस्तकी ज्ञानावरून आमचा संगणक चालायचा, त्यात हे द्रव्य जास्त म्हणजे शरीराचं लक्षण वाईट, असं धरलेलं होतं, आणि त्याला भारी वजन दिलेलं होतं. ते खरंही असेल, जे रोज मासळी खात नाहीत त्यांच्यापुरतं. आणि इथली निरोगी रेघ आम्ही घेतली कधी? श्रावणात. अख्ख्या पालघर जिल्ह्यात मासळी जेव्हा सगळ्यात कमी पोटात असते तेव्हा. त्या रेघेच्या शेजारी उभं केलं तर सातपाटीचा कुठलाही धडधाकट माणूस आजारी ठरला असता.

"मासा शिळा झाला की हेच द्रव्य तुटतं," मेहेरबाई म्हणाल्या. "त्याचाच तो वास. बसमधून मी सांगायचे ना, करंदी हाय का बोंबील? तोच. ज्याच्यात मी लहानाची मोठी झाले ते मला इथे ओळखता आलं नाय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सरांनी घाई केली."

"सर दर्यापासून लांब, कुडूसचे हायत. त्यांना काय मुशी म्हायती? सातपाटीची मी."

दादाच्या रक्ताचा उरलेला नमुना अतिशीत फ्रीजरमध्ये होता. इवलीशी नळी, तिच्यावर नाव नाही, क्रमांक, आणि शेजारी शिक्का, 'उपाशी'. त्यांनी तो काढला, ते एक द्रव्य बाजूला ठेवून पुन्हा हिशेब केला. मी दाराशी उभा होतो. शेवटी मीच विचारलं.

"काय आलं?"

"पिवळा."

सर पिवळ्या रंगाच्या बहुतेक लोकांवर शस्त्रक्रिया करत. दादा त्यांच्यात बसला असता. मी विचारलं, म्हणजे वाचला असता का. हा प्रश्न विचारायला नको होता, पण त्या खोलीत दुसरा प्रश्नच नव्हता.

"पिवळा म्हणजे पिवळा," त्या म्हणाल्या. "कदाचित टेबलावर गेला असता, कदाचित घरी बसला असता, कदाचित बरा झाला असता, कदाचित नाय. मला हिरवा पायजे होता, नायतर लाल. हिरवा आला असता तर मी स्वतःला काय ती शिक्षा केली असती. लाल आला असता तर झोप लागली असती. याचं काय करू?"

सरांकडे त्या गेल्या तेव्हा सर म्हणाले की एका द्रव्याने एवढं काही होत नाही, रुग्णाची साखर मुळातच फार वाईट होती, आणि विज्ञानात असं चालतंच. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मेहेरबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "लाल आलेल्या सगळ्यांना परत बोलवा." सरांनी फलकाकडे पाहिलं. मग परिषदेची तारीख आडवी आली, मग विश्वस्त, मग पुन्हा फलक. तेव्हापासून मेहेरबाईंनी रंग देणं बंद केलं. रिपोर्टवर त्या फक्त लिहीत, 'सांगता येत नाही'. सरांना हा रंग पसंत नव्हता. पण मशीन चालवणारं दुसरं कुणी बोईसरमध्ये नव्हतं, त्यामुळे त्यांना हळूहळू तो पसंत करून घ्यावा लागला. शेवटी लाल लोकांनाही निरोप गेले. काही आले, काहींच्या शस्त्रक्रिया झाल्या, केळव्याचे एक वाडीवाले तर बरे होऊन शहाळी घेऊन आले. मेहेरबाईंनी शहाळं घेतलं, आभार मानले, आणि वाडीवाले गेल्यावर ते न फोडता टेबलावर ठेवून पुढचा नमुना लावला.

दादाची नळी त्यांनी परत फ्रीजरमध्ये ठेवली. बोईसरला वीज जाणं नवीन नाही. जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ लागे, तेवढ्यात फ्रीजरचा भोंगा केकाटायला लागे. मग हातातलं काम टाकून त्या जाऊन फ्रीजरच्या झाकणावर तळवा ठेवून उभ्या राहत, ताप बघावा तशा. एकदा मी शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दादा अजून आत उपाशीच बसलाय." दिवे आले, भोंगा थांबला. त्या दुपारी त्यांचा डबा न उघडता घरी गेला.

आणि एक प्रश्न त्यांच्या तोंडात बसला. रक्त द्यायला कुणीही येवो, मंत्र्यांचा मेहुणा येवो की चहाचा टपरीवाला, सुई टोचण्याआधी त्या विचारत, "रात्री काय जेवलात?" छापील कागदावर हा प्रश्न नव्हता. त्या हाताने लिहीत. टपरीवाला भय्या घाबरून म्हणाला, "मॅडम, दाल-चावल. कुछ गलत हो गया क्या?" त्या म्हणाल्या, "नहीं. पूछना रह गया था."

वहिनीला सांगणं राहिलं होतं. मंजुळावहिनी, दादाची बायको. सांगायलाच हवं असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तर उलटं सुचवलं होतं. एका रविवारी मेहेरबाई सातपाटीला गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी मला एका दमात सगळं सांगितलं, जसं काही मी ते कागदपत्रांत नोंदवणार होतो. वहिनी काठीवरचे वाळलेले बोंबील उतरवत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात थांबले नाहीत. मग म्हणाल्या, "त्या सांजी मुशी मीच केलती. तो नको बोलत होता, सकाळी रगत द्यायचा हाय. मीच बोलली, रगत सकाळी, पोट आता भर."

"वयनी, तुझा काय दोष नाय. जेवणाचा काय दोष नाय. मोजणाऱ्याचा—"

"म्हंजे माझ्या हातानं झाला."

"नाय गो."

"तू शिकलेली. तूच बोलतेस मावऱ्यानं झाला. मावरा कोणी रांधला?"

 एवढं सांगून मेहेरबाईंनी माझ्याकडे बघितलं, उत्तर असेल म्हणून. चूक मोजण्याची होती, शिजवण्याची नव्हती, हे मी कागदावर नीट मांडून दाखवलं असतं. पण ते कागद वाचायचे कुणी? तेव्हापासून त्या दोघींचं बोलणं थांबलं. भांडण नव्हतं. दोघींनाही एकच माणूस समोर दिसत असावा, आणि दोघींनाही वाटत असावं की त्याला आपणच मारलं.

सातपाटीला निरोगी लोकांचं रक्त नव्याने गोळा करण्याची परवानगी मिळायला पुढचा मोसम उजाडला. नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा जायला लागल्या होत्या, श्रावणही सरला होता. मच्छीमारांच्या सोसायटीच्या सभागृहात टेबलं मांडली, बर्फाचा डबा ठेवला. मला कागद भरायला नेलं होतं. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि या भागातलं ते माझं शेवटचं काम. बंदरावर जायच्या आधी बायका टोपल्या बाहेर ठेवून आत आल्या. हॉस्पिटलने लावलेल्या 'आरोग्य जनजागृती महाअभियान' या फलकाला एकीने ओला पदर वाळत घातला.

"रंजे, रगत घेऊन चाय देशील का नुसती बिस्किटा?"

"आधी रगत, मंग चाय. उपाशी हायस ना?"

"उपाशी! माझा नवरा गेला तरी मी इतका वेळ उपाशी नाय ऱ्हायली."

"गो, हिच्या रगतात बोंबील निंगंल, बघ!"

"निघू दे," मेहेरबाई म्हणाल्या. "तोच पायजे."

मग तो प्रश्न आला, आणि सभागृहाची खानावळ झाली. रात्री काय जेवलीस? मांदेली. करंदीचा आंबट. शेजारणीने दिलेलं घोळीचं डोकं. एक सांगे, दुसरी खोटी पाडे. "हिनं घोळ खाल्ली? हिनं वासच घेतला!" कित्येक महिन्यांनी मी मेहेरबाईंना हसताना पाहिलं. बाह्या कोपराच्या वर होत्या. नस बरोबर सापडत होती, नळी भरली की लगेच बर्फात जात होती. एका नर्सने बोलता बोलता एक नळी टेबलावर राहू दिली, तर त्या ओरडल्या, "हातात गरम व्हायला ती काय चाय हाय?"

गर्दी सरली. डबा बंद करायची वेळ आली तेव्हा दारात मंजुळावहिनी उभ्या होत्या.  वहिनी सरळ येऊन खुर्चीत बसल्या आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून.

मेहेरबाईंनी पट्टा बांधला. सुई नसेशी नेली आणि थांबल्या.

"टोच," वहिनी म्हणाल्या. "मी नाय हालत."

नळी भरली. मेहेरबाईंनी कापूस दाबून धरला.  मग अगदी हळू विचारलं, "रात्री काय..."

"मुशी," वहिनी म्हणाल्या. "तू सांगून गेलीस त्यानंतर काल पयल्यांदा रांधली. लिव."

मेहेरबाईंनी लिहिलं. मी पलीकडच्या टेबलावर होतो; अक्षर दिसलं नाही, मान खाली गेलेली दिसली.

वहिनी उठल्या, पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच, मागे न वळता म्हणाल्या, "उरलीय थोडी. दुपारची जेवायला ये."

बायका बाहेर टोपल्या उचलत होत्या, कुणीतरी चहा ओतत होतं. मी कागद गोळा करून निघालो. दारातून एकदा मागे बघितलं. बर्फाचा डबा मेहेरबाईंच्या समोर उघडा होता. त्या मात्र वहिनींची ती कोमट नळी मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या.